सासुरवाडीला दहा लिटर

नावेला नाव नव्हतं. सासऱ्यांना धक्क्यावर एकदा कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "नाव म्हणजे नावच की. तिला वर आणखी नाव कशाला?" यावर वाद घालायची सोय नव्हती, कारण सासरे तेव्हा गळाला आमिष लावत होते, आणि हातात गळ असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती नाव दोन्ही जावयांना मिळून देऊन टाकली. थोरल्या जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ते चष्मेवाले. धाकटे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. लोकांच्या घरातले फोन एकेक करून गेले, तसे तेही एक दिवस निवृत्त होऊन घरी आले. दोघं एकमेकांना साडूभाऊ म्हणत. पस्तीस वर्षांत अहो-जाहो काही सुटलं नाही. फक्त मोठा मासा गळाला लागला की तेवढ्यापुरतं सुटायचं. "अरे ओढ, गाढवा, ढील देऊ नकोस," असं चष्मेवाले ओरडायचे, आणि मासा नावेत येऊन पडला की, "छान ओढलात हां साडूभाऊ," म्हणून परत जागेवर यायचे.

मासे मारायच्या त्यांच्या दोन जागा होत्या. एक लांबची. इंजिनाने दीड तास आत गेलं की पाण्याखाली एक मोठा खडक होता, वरून काही दिसायचं नाही. सासऱ्यांनीच तो दाखवलेला. त्या जागेचं नाव सासुरवाडी. सासुरवाडीत जावयाला जसं न मागता ताटात वाढतात, तसे तिथले मासे न बोलावता गळाला यायचे. आणि एकाच घरचे दोन जावई म्हटल्यावर सासुरवाडीही एकच, त्यात भांडण नाही.

दुसरी जागा धक्क्याला लागूनच. इंजिन सुरूसुद्धा करायला लागायचं नाही, दोरी सैल केली की पोचलात. तिचं नाव घरजावई. तिथले मासे बोटाएवढे, आणि तेही उपकार केल्यासारखे लागायचे. धक्क्यावरचं मांजर ते हुंगून तोंड फिरवायचं.

पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा दर रविवारी सासुरवाडी. मग भाव चढले तशी एक रविवार आड. मग महिन्यातून एकदा. मग "या सुट्टीत नक्की". गेली दोन वर्षं तर सलग घरजावई चालू होतं. नाव धक्क्याला बांधलेली, दोघं तिच्यात टोप्या घालून बसलेले, आणि वरून फिरायला आलेले लोक विचारायचे, "काय, निघताय का आलात?"

पेट्रोलला ते दोघं चहा म्हणत. त्याचं असं झालं, की इंजिन नवं घेतलं तेव्हा ते किती पितं हे घरी कळू द्यायचं नव्हतं. मग दर शनिवारी "उद्या चहाला लागतील थोडे," असं सांगून पैसे काढायचे. दोघी बहिणींनी, म्हणजे थोरलीने आणि धाकटीने, सहा महिने ऐकून घेतलं. सातव्या महिन्यात थोरली नवऱ्याचा सदरा धुवायला घेताना शांतपणे म्हणाली, "तुमचा चहा सांडलाय बाहीवर. काडी लांब ठेवा." गुपित तिथंच संपलं, पण शब्द राहिला. पुढे बायकाच विचारायला लागल्या, चहा भरलात का, चहा पुरेल ना. सगळ्या नातेवाइकांत पेट्रोलला चहा आणि चहाला "प्यायचा चहा" असं चालू झालं.

तर त्या रविवारी दोघं घरजावईत बसले होते. साडूभाऊंनी, म्हणजे धाकट्यांनी, गळ वर घेतला, त्याला लागलेली प्लास्टिकची पिशवी सोडवली, नीट घडी केली आणि म्हणाले, "साडूभाऊ, मी नाव विकायची म्हणतोय."

चष्मेवाल्यांना वाटलं, पिशवीबद्दल काहीतरी बोलतायत. "काय म्हणालात?"

"नाव. हॉटेलवाले विचारत होते. त्यांना हॉटेलच्या दारात ठेवायला हवीय. आत माती भरून फुलझाडं लावणार."

"नावेत फुलझाडं?"

"लोक फोटो काढतात म्हणे."

"अर्धी माझी आहे ती."

"तुमच्या अर्ध्यात हवं तर भाजी लावतील."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुकानात कुणी उधार मागितलं की ते असंच करत. "पैशांची नड आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नड कसली? पेन्शन आहे." साडूभाऊ लांब पाण्याकडे बघत म्हणाले, "अहो, इथं बसून ते दिसतं. रोज दिसतं. तिथं जाता येत नाही तर डोळ्यांसमोर नाव तरी कशाला? जेवायला वाढायचं नाही आणि पंगतीत मात्र बसवायचं, त्यातला प्रकार. मला हे घरजावईपण सोसत नाही."

"मला सोसतं," चष्मेवाले म्हणाले. आणि ते खरं होतं. रविवार म्हणजे नाव, नाव म्हणजे समोर साडू. मासा ही त्यातली शेवटची गोष्ट. पण हे असं समोरच्या माणसाला सांगायचं तर ती अहो-जाहोत बसणारी गोष्ट नव्हती. मग त्यांनी दुसरंच सांगितलं, आणि तोंडातून निघून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. "सासुरवाडीला जाऊन परत यायचं. दहा लिटरमध्ये."

साडूभाऊ हसले. "अठरा लागतात."

"इंजिन फुल सोडल्यावर अठरा. अर्ध्यावर चालवायचं, ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं. दहात जमवलं तर नाव राहील आणि महिन्यातून एकदा जाऊ. नाही जमलं तर करा तुमच्या हॉटेलवाल्याची बाग."

"आणि मध्येच संपलं तर? मी पोहत येऊ?"

"पाच लिटर वेगळे ठेवू अडीअडचणीला."

"ठेवू. पण माझ्याकडे राहतील," साडूभाऊ म्हणाले. "आणि ठरलं म्हणजे ठरलं हां. चहाच्या कॅनचं झाकण उघडलं की तुम्ही हरलात."

"चहाचं झाकण उघडलं की हरलो," चष्मेवाल्यांनी हातावर हात मारला.

सोमवारपासून चष्मेवाल्यांनी वजनाचा काटा दुकानात आणून ठेवला. गिऱ्हाइकं आपलं वजन बघायला चढायची, आणि हे मध्येच म्हणायचे, "जरा उतरा, नांगर ठेवायचाय." नावेतली एकेक वस्तू काट्यावर चढली. घडीची खुर्ची, बाद. रेडिओ, बाद. डबा ठेवायची पेटी बाद, मग डबाही बाद. शिशाची वजनं तीस होती, त्यातली चार ठेवली. जाळीच्या काठीचा दांडा मोठा वाटला म्हणून करवतीने कापला. मग काठी पाण्यापर्यंत पोचेना, तेव्हा काठीच बाद केली. दोन वल्ही होती. "इंजिन असताना वल्ही कशाला," असं म्हणून दोन्ही काढणार होते, पण थोरलीने डोळे वटारले म्हणून एक ठेवलं.

मग ते नावेच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायला बसले. दोन दिवस खरवडत होते. एवढं चकाचक बूड त्या नावेचं तीस वर्षांत झालं नव्हतं.

"आता तुमचं राहिलं," शुक्रवारी थोरली म्हणाली.

तेही त्यांनी केलं होतं. केस बारीक कापले, मिशा उतरवल्या. रात्रीचं जेवण निम्मं केलं. साडूभाऊंना दुकानात बोलावून काट्यावर उभं केलं, तेव्हा काटा फिरून जिथं थांबला ते दोघांनी दोनदा वाकून बघितलं.

"बूट काढा," चष्मेवाले म्हणाले.

"काढलेत."

"बरं. रविवारी सकाळी काही खाऊ नका."

"आणि मासे मिळाले तर? त्यांचं वजन होणार नाही का?"

हे चष्मेवाल्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते रात्रभर त्यावर विचार करत राहिले आणि सकाळी त्यांनी निर्णय दिला, की फार मोठा मासा लागला तर त्याला समजावून सोडून द्यायचं.

रविवारी उजाडताना दोघं निघाले. समोर इंजिनाला जोडलेली टाकी, काठोकाठ दहा लिटर. साडूभाऊंच्या पायाशी त्यांचा नवा निळा कॅन, झाकण घट्ट. जुना गळायला लागला म्हणून कालच आणलेला. निघताना चष्मेवाल्यांनी खिशातून जवळचा चष्मा काढला, हातात तोलून बघितला आणि धक्क्यावर थोरलीच्या हातात दिला.

"अहो, चाळीस ग्रॅम असेल," ती म्हणाली.

"थेंबे थेंबे," ते म्हणाले. लोकांना चष्मा लावायला लावून ज्याने जन्म काढला, तो माणूस चष्मा मागे ठेवून समुद्रात गेला.

ओहोटीने नाव छान धरली. इंजिन अर्ध्यावर, पाणी सपाट, आणि सकाळचा तो वास. थंड, खारट आणि त्यात थोडा इंजिनाचा. चष्मेवाल्यांना सर्दी झाली होती, त्यांना कुठलाच वास येत नव्हता, पण आठवणीत येत होता. मागे वळून ते ओरडले, "आठवतं का, पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही उलट्या करत होतात?" इंजिनाच्या आवाजात साडूभाऊंना "उलट्या" एवढंच ऐकू आलं, आणि ते काळजीने म्हणाले, "डोकं खाली घाला." नावेत पस्तीस वर्षांचं संभाषण असंच झालं होतं. एक जण पुढे टोकाला, एक मागे इंजिनापाशी, मधे आवाज.

सासुरवाडी सापडायची खूण सासऱ्यांनी शिकवलेली. मागे किनाऱ्याकडे बघत जायचं. टेकडीला दोन उंचवटे आहेत. गिरणीची चिमणी त्या दोघांच्या बरोबर मधे आली की थांबायचं.

दीडच्या जागी अडीच तास झाले. चष्मेवाले मागे बघत होते. टेकडी दिसली, उंचवटे दिसले.

"चिमणी कुठाय?" ते म्हणाले.

साडूभाऊंनी हाताचा आडोसा करून बघितलं. "चिमणी उडाली," ते म्हणाले.

गिरणी पाडून दोन वर्षं होत आली होती. पाडताना दोघंही रस्त्यावर उभे राहून बघत होते. तिथं आता पंधरा मजली इमारती झाल्या होत्या, पाच सारख्याला सारख्या. पण जमिनीवरची चिमणी पडली म्हणजे समुद्रातली जागाही गेली, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"दुसरी इमारत धरा," चष्मेवाले म्हणाले.

"डावीकडून दुसरी की उजवीकडून?"

दोन्हीकडून धरून झाली. मग तिसरी धरली. नाव त्या पाण्यात हरवलेलं कानातलं शोधणाऱ्या बाईसारखी इकडून तिकडे फिरत होती आणि इंजिन घटाघटा पीत होतं. चष्मेवाले टाकीकडे बघायचं टाळत होते. शेवटी साडूभाऊंनी इंजिन बंद केलं, दोरीला शिसं बांधलं आणि खाली सोडलं. चिखल. थोडं वाहवत गेले, परत सोडलं. चिखल. पाचव्यांदा दोरी त्यांच्या बोटात थरथरली.

"टक् झालं," साडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला, जसा दार उघडून कुणी आतून "या, या" म्हणाल्यावर होतो.

मग पुढचे दोन तास चष्मेवाले सगळं विसरले. सासुरवाडीने मान राखला. दोन वर्षं न आल्याचा राग नाही की टोमणा नाही, गळ खाली जातोय तोवर ओढ. सहावा मासा एवढा मोठा होता की नाव कलली.

"अरे धर, धर, सोडू नकोस रे," चष्मेवाले ओरडले.

"धरलाय रे, तू जाळी आण."

जाळी काठीसकट दुकानात होती. साडूभाऊंनी सदरा काढला, मासा त्यात गुंडाळून आत घेतला आणि धापा टाकत खाली बसले. मासा दोघांच्या मधे पडून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

"ह्याला समजावणार होतात ना तुम्ही," साडूभाऊ म्हणाले.

"उशीर झाला आता. त्याने आपल्याला बघितलंय."

भरती सुरू झाली तसे ते परत फिरले. किनारा जवळ यायला लागला, इमारती मोठ्या व्हायला लागल्या. चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात रविवार मोजायला घेतले होते, वर्षाचे बारा, पाच वर्षांचे साठ. एवढ्यात इंजिन खोकलं, दोनदा अडखळलं आणि थांबलं. निम्मं अंतर बाकी होतं.

"संपला," चष्मेवाले म्हणाले.

"कोण?"

"चहा."

साडूभाऊंनी निळा कॅन उचलला आणि मांडीवर घेऊन बसले. लगेच पुढे केला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. "चिमणी असती तर जमलं असतं हो," ते म्हणाले.

"असती तर. आणा इकडे." चष्मेवाल्यांनी कॅन घेतला, झाकण उघडलं आणि हरले. नरसाळं टाकीला लावून ते ओतायला लागले. जवळचं दिसत नव्हतं आणि नाक बंद होतं. "हल्लीचं पेट्रोल बघा कसं झालंय. फेस येतो."

त्यांनी दोरी ओढली. इंजिनाने उरल्यासुरल्या थेंबांवर एक हुंकार दिला, मग नाकात पाणी गेल्यासारखा आवाज केला, पांढऱ्या वाफेचा एक भपकारा सोडला आणि कायमचं गप्प झालं. साडूभाऊंनी हवेत नाक वर केलं. ते उठले, नरसाळ्यात बोट घातलं आणि चाटलं.

"साडूभाऊ, हा चहा आहे."

"चहाच आहे. मग काय मी दूध ओततोय?"

"दूधही आहे. अहो, चहा. चहा चहा. प्यायचा."

मग साडूभाऊ हळूहळू खाली बसले. "मी सूनबाईला सांगितलं," ते म्हणाले. "ही तुमच्याकडे आली होती ना काल. मग मी सूनबाईला म्हटलं, निळ्या कॅनमध्ये पाच लिटर चहा भरून ठेव, उद्या आम्हाला लागेल. ती म्हणाली, पाच? मी म्हटलं, हो, समुद्रावर लागतो तेवढा."

सूनबाईला घरात येऊन तीन महिने झाले होते. नातेवाइकांतली ती एकच व्यक्ती, जी चहाला चहा म्हणत होती.

"साखर घातलीय का?" थोड्या वेळाने चष्मेवाल्यांनी विचारलं.

"भरपूर."

मग झाकणाचा कप करून दोघांनी गार चहा घेतला. सकाळपासून उपाशी होते. आठ-आठ झाकणं झाली.

पोटात गेल्यावर चष्मेवाले वल्हं घेऊन बसले. उजवीकडून मारलं तर नाव डावीकडे वळली, डावीकडून मारलं तर उजवीकडे. जोर लावला तर जागच्या जागी फिरून परत समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मासा, निळा कॅन आणि साडू त्यांच्यासमोरून गोल फिरत होते.

"दुसरं वल्हं किती भरलं होतं हो?" साडूभाऊंनी विचारलं.

"तीन किलो."

"छान. द्या ते इकडे."

साडूभाऊ नावेच्या मागच्या टोकाला गेले, इंजिन पाण्याबाहेर वर उचलून ठेवलं आणि पाय फाकून उभे राहिले. वल्हं मागून पाण्यात सोडलं आणि मनगटाने डावीउजवीकडे हलवायला लागले. माशाचं शेपूट हलतं तसं. नाव क्षणभर विचारात पडली, मग तोंड सरळ करून किनाऱ्याकडे निघाली.

चष्मेवाले तोंड उघडं टाकून बघत होते. असं वल्हं मारताना त्यांनी एकाच माणसाला पाहिलं होतं. पाठ तशीच, मान तशीच वाकडी. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासऱ्यांनी. लग्नाच्या पहिल्या वर्षी. इंजिन नव्हतं तेव्हा."

"मला नाही शिकवलं. मी थोरला आहे."

"तुम्ही चष्मा पुसत होतात हो दर वेळी. शिंतोडे उडतात म्हणून."

ते खरंच होतं. पाण्याचा लपलप आवाज येत होता. कुठून तरी पक्षी ओरडला, तोही ऐकू आला. "त्यांना वाईट वाटलं असेल का हो, आपण इंजिन आणलं तेव्हा?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखं ओरडून विचारलं, आणि मग लक्षात आलं की ओरडायची गरज नाही.

"वाईट नाही वाटलं. मला म्हणाले, बरं झालं, आता लवकर पोचाल." साडूभाऊंनी वल्ह्यावरचा हात बदलला. "आणि मग विचारलं, लवकर पोचून काय करणार आहात? मी म्हटलं, लवकर परत येऊ."

"मग?"

"मग हसले ते. त्यांच्या वेळेला ते ओहोटीला निघायचे, भरतीला यायचे. म्हणायचे, समुद्रच नेतो आणि समुद्रच आणतो, आपण फक्त दिशा सांगायची. दिवस जायचा अख्खा. सासूबाई चिडायच्या."

भरती खालून ढकलत होती आणि साडूभाऊ दिशा सांगत होते. मधे दोनदा चष्मेवाल्यांनी मारून बघितलं. एकदा वल्हं हातातून सुटून पाण्यात गेलं, ते धरताना तेही अर्धे गेले. साडूभाऊंनी पँटीला धरून त्यांना ओढून घेतलं. तिसऱ्यांदा मात्र नाव चार हात सरळ गेली, आणि साठीपलीकडच्या त्या माणसाने वळून असं बघितलं की साडूभाऊंना "छान" म्हणावंच लागलं.

धक्क्याला लागले तेव्हा उन्हं उतरली होती. थोरली, धाकटी आणि सूनबाई तिघी उभ्या होत्या. सूनबाईने वाकून कॅन घेतला, हलवून बघितला आणि विचारलं, "बाबा, चहा पुरला का? मला अंदाज येईना. शेजारून मोठं पातेलं आणलं."

साडूभाऊ म्हणाले, "पुरला हो. थोडा इंजिनालाही दिला."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून लगबगीने दुसरीकडे गेली. थोरलीला तेवढंही जमलं नाही. ती धक्क्यावरच खाली बसली.

चष्मेवाल्यांना हसू आलं नाही. घरी जाताना रस्त्यात ते म्हणाले, "उघडला तो चहाच होता ना. म्हणजे पेट्रोल उघडलंच नाही. दहा लिटरमध्येच आलो आपण."

"ठरलं काय होतं? चहाचं झाकण उघडलं की हरलात. तुम्हीच म्हणालात, हातावर हात मारून."

"पण तो चहा म्हणजे..."

"चहा म्हणजे चहा," साडूभाऊ म्हणाले. "हरलात. हॉटेलवाले उद्या अकराला येणार आहेत."

सोमवारी अकरा वाजता चष्मेवाले दुकानातून हलले नाहीत. त्यांनी एका फ्रेमचा स्क्रू बसवायला घेतला आणि तो चार वेळा खाली पाडला. एका म्हातारीला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. तिने सगळी अक्षरं चुकवली, तरी ते "बरोबर, बरोबर" म्हणाले. साडेअकराला मात्र त्यांना राहवेना. दुकान तसंच उघडं टाकून ते धक्क्यावर आले.

हॉटेलवाल्यांचा टेम्पो निघायच्या बेतात होता. मागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोरीने बांधलं होतं, पण नाव मावेल एवढी त्या टेम्पोत जागाच नव्हती. त्यांनी खाली पाण्यात बघितलं. नाव होती. मागचं टोक मात्र उघडं बोडकं.

"हरला होतात ना तुम्ही," साडूभाऊ त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. "मग विकायला नको? विकलं."

"इंजिन?"

"त्यांना काय, समुद्राचं काहीतरी हवं होतं दारात. नावेला जागा फार लागते, हे सुटसुटीत आहे असं मीच पटवलं. चालत नाही हे सांगितलं त्यांना. ते म्हणाले, चाललं नाही तर बरंच, कुणी पळवणार नाही." साडूभाऊंनी खिशात हात घातला. "वल्हं आणून ठेवा ते दुकानातलं. एकाने माझा खांदा आखडलाय."

पुढच्या रविवारी ओहोटी पहाटे होती, म्हणून पहाटे निघाले. इंजिन गेल्यामुळे नाव मागून हलकी झाली आणि पुढून पाण्यात तोंड घालायला लागली. मग दोघांनाही मागच्या फळीवर शेजारी शेजारी बसावं लागलं, खांद्याला खांदा लावून, एकेक वल्हं घेऊन. चार-पाच तास लागणार होते. किनारा मागे पडला, पाणी शांत होतं, बोलायला भरपूर वेळ होता आणि दोघांपैकी कुणालाच काही सुचत नव्हतं. तेव्हा साडूभाऊ वल्ह्याच्या तालावर गुणगुणायला लागले. ते बेसूर गुणगुणत होते, आणि ते थांबायचं नाव घेईनात. इतकी वर्षं ते नावेत गुणगुणत होते हे चष्मेवाल्यांना आज कळलं. इंजिनाने ते झाकून ठेवलं होतं. पेट्रोलचे पैसे अगदीच पाण्यात गेले नव्हते, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते जोराने वल्हं मारायला लागले.